वेशीबाहेरचा आवाज

आजचं वाचन: इब्री लोकांस पत्र १३:१०–१७
सोबत वाचा: गलतीकरांस पत्र २:२०, लूक ९:२३



या आठवड्यात आपण इब्री पत्राचा तेरावा अध्याय थोडा थोडा करून वाचतोय. आजचा भाग छोटा आहे, सातआठ वचनांचा. पण मी जेव्हा जेव्हा तो वाचतो तेव्हा मला एक अमेरिकन बँड आठवतो. तुमच्यापैकी फार थोड्यांनी त्याचं नाव ऐकलं असेल. बँडचं नाव ‘द क्रुसिफाइड’, म्हणजे वधस्तंभावर खिळलेले. संगीत म्हणाल तर हार्डकोर पंक आणि थ्रॅश मेटल यांचं मिश्रण. कानठळ्या बसतील असं, आणि सुरू होतंय म्हणेपर्यंत संपणारं.

तुम्ही म्हणाल, दादा, सकाळच्या मननात हे काय आणलंत? थोडा धीर धरा. आधी बायबल उघडा, वचनं एकदा मोठ्याने वाचून काढा, मग पुढे या.

‘बाहेर’ म्हणजे नक्की कुठे?

इब्री पत्राचा लेखक सांगतो की येशूने लोकांना पवित्र करण्यासाठी वेशीबाहेर दुःख सोसलं. आणि लगेच पुढे म्हणतो, चला तर मग, त्याची मानहानी आपणही सोसू आणि छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ.

छावणी म्हणताच त्या वाचकांच्या डोळ्यांसमोर रानातला इस्राएल उभा राहत असणार. मधोमध निवासमंडप, भोवती वंशांचे तंबू. आत जे ते शुद्ध, सुरक्षित, आपलं. बाहेर कोण? लेवीय १३:४६ बघा, कुष्ठरोग्याने छावणीबाहेर एकटं राहायचं. लेवीय १६:२७ बघा, प्रायश्चित्ताच्या दिवशी ज्या पशूंचं रक्त पवित्रस्थानात नेलं त्यांचे देह बाहेर नेऊन जाळायचे. लेवीय २४ मध्ये देवाच्या नावाची निंदा करणाऱ्याला बाहेर नेऊनच दगडमार केला. थोडक्यात, नकोसं झालेलं सगळं छावणीबाहेर.

मग येशूला नेलं ते कुठे? गुलगुथा. योहान १९:२० सांगतं की ती जागा नगराजवळ होती. जवळ, पण आत नाही. जो पवित्रांतला पवित्र, तो कचरा टाकायच्या बाजूला मेला.

आणखी एक संदर्भ मला फार आवडतो. निर्गम ३३:७. सोन्याच्या वासरानंतर मोशे एक तंबू छावणीबाहेर, लांब उभारतो, आणि ज्याला परमेश्वराला शोधायचंय तो छावणीतून बाहेर पडून तिकडे जातो. आतले लोक वासराभोवती नाचून दमलेले, आणि देव भेटतोय बाहेर! म्हणजे देवाला बाहेरची सवय जुनीच आहे.

ते संगीत काय होतं

आता बँडकडे येऊ. ज्यांना पंकचा गंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द.

पंक रॉक १९७० च्या दशकाच्या मध्यात न्यू यॉर्क आणि लंडनमध्ये आलं. १९८० च्या आसपास कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन डीसी इथल्या पोरांनी ते आणखी जलद, आणखी कडक केलं. तेच हार्डकोर. ब्लॅक फ्लॅग, मायनर थ्रेट, बॅड ब्रेन्स ही त्यातली मोठी नावं. गाणं एकदीड मिनिटाचं, गायक गातो कमी आणि ओरडतो जास्त, आणि स्टेज असलंच तर गुडघ्याएवढं. रेकॉर्ड कंपन्या यांना दारात उभं करत नव्हत्या, म्हणून सगळं स्वतः करायचं. घरच्या पैशांनी कॅसेट रेकॉर्ड करायची, टेपवर टेप कॉपी करायची, झेरॉक्स काढलेली छोटी मासिकं पोस्टाने एकमेकांना पाठवायची, हॉल भाड्याने घ्यायचा, पोस्टर हाताने काढायचं. आजच्या भाषेत अंडरग्राउंड. कुणी बंदी घातली होती म्हणून नव्हे, तर मोठ्या रस्त्यावर त्यांना जागाच नव्हती म्हणून.

या दुनियेत राग खूप होता. दारू होती, मारामाऱ्या होत्या. पण शोधही होता. १९८१ मध्ये मायनर थ्रेटच्या एका गाण्यातून ‘स्ट्रेट एज’ ही चळवळ निघाली: दारू नाही, सिगरेट नाही, ड्रग्ज नाहीत. क्लबमध्ये अल्पवयीन मुलांना दारू दिली जाऊ नये म्हणून त्यांच्या हातावर मार्करने फुली मारायचे. या पोरांनी तीच फुली अभिमानाने मिरवली. म्हणजे बंडखोरांच्या त्या गर्दीतही संयमाची भूक होती. आपण ज्याला नुसता गोंगाट म्हणतो त्यात कधीकधी एखादा खरा प्रश्न ओरडत असतो.

फ्रेस्नोची पोरं

कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात फ्रेस्नो नावाचं शहर आहे. शेतीचा भाग, द्राक्षांचे आणि बेदाण्यांचे मळे. लॉस एंजेलिस एकीकडे, सॅन फ्रान्सिस्को दुसरीकडे, दोन्ही लांब. संगीताची बातमी व्हावी असं हे गाव नव्हे.

तिथे १९८४ मध्ये काही ख्रिस्ती पोरांनी बँड काढला. पहिलं नाव ठेवलं के.जी.बी. शीतयुद्धाचे दिवस, के.जी.बी. म्हणजे सोव्हिएत रशियाची गुप्त पोलीस यंत्रणा. यांनी त्याचा अर्थ लावला ‘किड्स इन गॉड्स ब्लेसिंग’, देवाच्या आशीर्वादातली मुलं. पोरकटपणा आहे, पण गोड आहे. लवकरच त्यांनी ते नाव सोडलं आणि ‘द क्रुसिफाइड’ झाले. गिटारवर ग्रेग मिनिअर, ड्रमवर जिम चॅफिन, आणि माइकसमोर मार्क सॅलोमन. बेसवर पुढे जेफ बेलू आला.

या दोन नावांतला फरक बघा. पहिलं नाव ‘आम्ही कोण’ हे सांगतं. दुसऱ्या नावात ‘आम्ही’ शिल्लकच राहत नाही. पौल गलतीकरांना जे लिहितो ना, की ख्रिस्ताबरोबर मी खिळला गेलो आहे आणि आता जगतो तो मी नव्हे, ते वचन या नावामागे उभं आहे. बँडचं नाव म्हणजे पोस्टरवरचं सगळ्यात मोठं अक्षर. तिथे स्वतःच्या मरणाची घोषणा लिहायची, ही काही लहान गोष्ट नाही.

१९८६ चा त्यांचा डेमो होता ‘टेक अप युवर क्रॉस’. नाव सरळ लूक ९:२३ कडे बोट दाखवतं, तिथे प्रभू दररोज स्वतःचा वधस्तंभ उचलून घ्यायला सांगतो. १९८७ चा डेमो ‘नेल्ड’, म्हणजे खिळलेला. डेमो म्हणजे कॅसेट, हातोहात फिरणारी. मग १९८९ मध्ये बँडच्याच नावाचा पहिला अल्बम आणि १९९१ मध्ये ‘द पिलर्स ऑफ ह्युमॅनिटी’. तोवर हार्डकोर आणि थ्रॅश मेटल यांची सरमिसळ झाली होती, तिला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. या दोन्ही अल्बममध्ये तोच आवाज आहे.

ते एकटे नव्हते. मायामीत ‘द लीड’ होता, टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये ‘वन बॅड पिग’. या वन बॅड पिगची एक गंमत सांगतो. १९९१ च्या अल्बममध्ये त्यांनी जॉनी कॅशचं ‘मॅन इन ब्लॅक’ पंक चालीत केलं आणि खुद्द जॉनी कॅश त्यात गायला आला. आपल्या वयाच्या निम्म्या पोरांच्या गोंगाटात तो म्हातारा विश्वासी जाऊन उभा राहिला. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी कधीतरी हे मनात घ्यावं.

दोन वेशी

आता मुद्द्याची गोष्ट. हे बँड एका वेशीबाहेर नव्हते, दोन वेशींच्या बाहेर होते.

पहिली वेस मंडळीची. त्या काळात अमेरिकेतले अनेक प्रचारक रॉक संगीताला सैतानाचं हत्यार म्हणत. ख्रिस्ती रॉक तर त्यांना आणखी धोकादायक वाटे. टीव्हीवरचा त्या वेळचा मोठा प्रचारक जिमी स्वॅगर्टने १९८७ मध्ये ख्रिस्ती रॉकविरुद्ध पुस्तकच काढलं. एक ख्रिस्ती मेटल बँड मात्र तेव्हा मोठा झाला होता, स्ट्रायपर. १९८६ च्या त्यांच्या अल्बमच्या लाखो प्रती खपल्या, ते स्टेजवरून नवे करार प्रेक्षकांत फेकायचे. पण स्ट्रायपरचं संगीत गोड होतं, सुरेल होतं. फ्रेस्नोच्या पोरांच्या गाण्यात आईला दाखवावं असं काहीच नव्हतं.

दुसरी वेस पंकवाल्यांची. धर्म म्हणजे पैसा आणि ढोंग, असं त्यांतल्या पुष्कळांचं पक्कं मत होतं. आणि त्यांना पुरावेही मिळत होते. मार्च १९८७ मध्ये जिम बेकर या टीव्ही प्रचारकाला गैरवर्तन उघडकीला आल्यावर पद सोडावं लागलं. फेब्रुवारी १९८८ मध्ये खुद्द स्वॅगर्ट कॅमेऱ्यासमोर रडून आपल्या पापाची कबुली देत होता. कॅलिफोर्नियातल्याच ‘बॅड रिलिजन’ या प्रसिद्ध पंक बँडचं चिन्ह काय, तर वधस्तंभावर लाल फुली, रस्त्यावरच्या ‘प्रवेश बंद’च्या पाटीसारखी. ज्या दुनियेत पोरं असे टी-शर्ट घालून फिरतात तिथे तुम्ही ‘द क्रुसिफाइड’ असं नाव घेऊन जाता! ढोंग आहे म्हणून फुली मारणाऱ्यांसमोर तुम्ही ढोंगी नाही हे सिद्ध कसं करणार? भाषणाने नाही. तिथेच राहून, त्यांच्याबरोबर घाम गाळून, वर्षानुवर्षं.

मंडळीत ‘तुमचं संगीत जगाचं’, जगात ‘तुमचा देव मंडळीचा’. आजच्या वचनातली मानहानी म्हणजे हीच, रोजच्या कपड्यातली. दगडमार नाही, तुरुंगवास नाही. फक्त कुठेच पूर्ण आपलं न मानलं जाणं.

तुमच्यापैकी कितीजण हे ओळखतात? कॉलेजच्या ग्रुपमध्ये रविवारी सकाळी कुठे असतोस हे सांगताना अडखळणारे. आणि त्याच रविवारी मंडळीत हातावरचा टॅटू बाहीखाली लपवणारे. मी रोज हे लिहितो ते बरंचसं तुमच्यासाठी.

आपल्या भाषेतली वेस

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण मराठीत ‘वेशीबाहेर’ हा शब्द इंग्रजीइतका हलका नाही.

त्या अमेरिकन पोरांनी बाहेरची जागा निवडली होती. त्यांना परत जाता येत होतं. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या-पणज्यांनी ती निवडली नव्हती. गावकुसाबाहेर घर, वेगळं पाणी, वेगळी वाट. सावलीचासुद्धा हिशेब. त्यांनी जेव्हा पहिल्यांदा ऐकलं असेल की देवाचा पुत्र वेशीबाहेर मेला, तेव्हा त्यांना भाष्य लागलं नसेल. तो आपल्या वस्तीत मेला, एवढं त्यांना कळलं असेल.

म्हणून ‘बाहेर’ असण्याची फॅशन करू नका. आतल्यांनी नाकारलेल्या माणसाशेजारी जाऊन उभं राहणं वेगळं, आणि ‘मी किती वेगळा’ म्हणून आरशासमोर उभं राहणं वेगळं. तेराव्या वचनात ‘बाहेर जाऊ’ एवढंच नाही, ‘त्याच्याकडे जाऊ’ असं आहे. तो तिथे आहे, म्हणून जायचं. तो नसेल तर बाहेरची जागाही नुसती एक दुसरी छावणी होते, तिचेही पहारेकरी असतात. पंकमध्येही होते. कोण खरा, कोण विकला गेला, कुणाचे बूट बरोबर नाहीत, याची तिथेही कडक तपासणी चाले.

आणि सतरावं वचन वगळू नका. आपल्या अधिकाऱ्यांचं ऐका, असं लेखक त्याच दमात सांगतो. दहाव्या अध्यायात तर एकत्र मिळणं सोडू नका म्हणून बजावतो. तेव्हा ‘छावणीबाहेर’चा अर्थ ‘मंडळी सोडा’ असा काढणाऱ्याने तो अध्याय अर्धाच वाचला आहे.

ओठांचं फळ

पंधरावं वचन स्तुतीला यज्ञ म्हणतं, देवाचं नाव पत्करणाऱ्या ओठांचं फळ.

आमच्या युवक संघात एक मुलगा आहे, अकरावीत. ड्रम वाजवतो, चांगलाच जोरात वाजवतो. उपासनेत त्याला कान्होनवर बसवतात, कारण ड्रमसेटचा आवाज फार होतो. परवा मला विचारत होता, “दादा, मी घरी जे वाजवतो ते देवाला चालत असेल का?” प्रश्न साधा आहे, पण विचारताना त्याने मान खाली घातली होती, ते मला लागलं. सोळा वर्षांच्या मुलाला वाटतंय की देवाने दिलेल्या हातांचा एक भाग देवापासून लपवून ठेवायला हवा.

मी त्याला हे वचन दाखवलं. लेखक कुठला सूर सांगतो? कुठला ताल? किती डेसिबल? काही नाही. तो विचारतो की ओठांवर नाव कुणाचं आहे. स्तोत्र १५० मध्ये तर झणझणणाऱ्या झांजांचीही सोय केलेली आहे. हळू आवाजात स्वतःचाच गौरव गाता येतो, अगदी डोळे मिटून. आणि घसा फुटेस्तोवर ओरडून प्रभूचं नाव पत्करता येतं. द क्रुसिफाइडने हे दुसरं केलं. आपला विश्वास त्यांनी रूपकांच्या मागे दडवला नाही.

आणि याला यज्ञ का म्हटलंय? यज्ञाला किंमत असते. जिथे सगळेच हात वर करून गातायत तिथे नाव पत्करायला काही पडत नाही. जिथे त्याच नावावर फुली मारलेले टी-शर्ट आहेत तिथे पडतं.

पण त्या मुलाला मी आणखी एक गोष्ट सांगितली. कान्होनवर बसून हळू वाजवणं हाही यज्ञच आहे, जर ते मंडळीतल्या आजीच्या कानांसाठी असेल. खिळलेल्या माणसाला आपल्या आवडीचा हट्ट उरत नाही. घरी मोकळेपणाने वाजव, मंडळीत प्रेमाने वाजव, नाव दोन्हीकडे एकच असू दे.

कायमचं नगर कुठलंच नाही

चौदावं वचन सांगतं की आपलं टिकणारं नगर इथे नाही, आपण येणाऱ्या नगराची वाट पाहतो.

१९९३ मध्ये द क्रुसिफाइड थांबला. नऊ वर्षं, काही कॅसेट, दोन अल्बम. बस. आणि त्याच वर्षी ब्रँडन एबेल नावाच्या तरुणाने ‘टूथ अँड नेल’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. जे बँड मंडळीच्या दुकानात ठेवत नव्हते आणि बाहेर कुणी विचारत नव्हतं, त्यांना आता घर मिळालं. फोकस्ड, स्ट्राँगआर्म, झाओ अशी एक पिढी आली. द क्रुसिफाइडचे जुने डेमोसुद्धा याच कंपनीने पुन्हा काढले. सॅलोमन आणि बेलू ‘स्टेव्हसेकर’ या नव्या बँडमध्ये गेले, चॅफिन ‘द ब्लेम्ड’मध्ये ड्रमवर बसला. ज्यांनी वाट पाडली त्यांना ती रुंद झाल्यावर फारसा फायदा झाला नाही. योहान ४:३७ आठवा, पेरणारा एक आणि कापणारा दुसरा.

मग बाहेरचं ते आत आलं. २००६ मध्ये ‘अंडरओथ’ या हार्डकोर बँडचा अल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर लागला. फ्रेस्नोत कॅसेट कॉपी करत बसणाऱ्या पोरांना हे कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते. पण पुढचंही ऐका. २०१८ मध्ये त्याच अंडरओथने जाहीर केलं की ‘ख्रिस्ती बँड’ हे लेबल आता आमचं नाही. मी त्यांच्यावर बोट उचलणार नाही. कुणाच्या आत काय मोडलं ते प्रभू जाणतो, आणि प्रभू मोडलेल्यांना टाकत नाही. मला यातून एवढंच दिसतं की नावापुढे ‘ख्रिस्ती’ लिहिल्याने विश्वास जिवंत राहत नाही. बँडचा नाही, शाळेचा नाही, कुटुंबाचा नाही. ख्रिस्त माझ्या ठायी जगतो की नाही, हे रोज सकाळी नव्याने बघावं लागतं. लूक ९:२३ मध्ये ‘दररोज’ हा शब्द उगाच नाही.

मार्क सॅलोमनने २००३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. ख्रिस्ती संगीताच्या दुनियेत इतकी वर्षं काढल्यावर, तिथला बाजार जवळून बघितल्यावर, त्याने पुस्तकाला नाव दिलं ‘सिम्प्लिसिटी’. साधेपणा. आयुष्यभर इतका गोंगाट करणाऱ्या माणसाने तो शब्द निवडावा, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

२००९ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला आणि कॉर्नरस्टोन फेस्टिव्हलमध्ये वाजवला. हा महोत्सव शिकागोच्या ‘जीझस पीपल यूएसए’ या ख्रिस्ती समुदायाने सुरू केला होता, तोही १९८४ मध्येच, बँडच्या जन्माच्या वर्षी. इलिनॉयमधल्या बुशनेल या छोट्या गावाबाहेर शेतात तंबू लागायचे आणि ज्यांना कुठेच स्टेज मिळत नसे ते तिथे वाजवायचे. २०१२ मध्ये तोही बंद झाला. खरोखरच बाहेर उभारलेला तंबू, आणि तोही उठला. नगर ते नव्हतंच. नगराकडे जाताना लागलेला एक मुक्काम होता.

तुमचा युवक संघ, तुमचा प्रेज बँड, तुमचा सेल ग्रुप, हेही मुक्कामच आहेत. संपले तर रडा, पण देव संपला असं समजू नका.

पडलेल्याला उचला

सोळावं वचन मला पूर्वी शेवटी जोडलेलं वाटायचं: चांगलं करायला आणि आपल्याजवळचं दुसऱ्याला द्यायला विसरू नका, अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो. आता वाटतं की सगळी वाट तिथेच जाते.

हार्डकोरच्या कार्यक्रमात समोर ‘पिट’ असतो. पोरं गोल गोल धावतात, एकमेकांवर आदळतात. लांबून बघितलं तर मारामारीच. पण तिथला एक न लिहिलेला नियम सगळ्यांना माहीत असतो. कुणी खाली पडला तर आजूबाजूचे लगेच थांबतात, हात देऊन त्याला उभा करतात, मग पुढे धावतात. तो ओळखीचा आहे का, कुठल्या ग्रुपचा आहे, हे कुणी विचारत नाही.

उपदेशक ४:१० मध्ये शलमोन हेच सांगतो, की एकटा पडणाऱ्याला उचलणारा कुणी नसेल तर त्याची फार वाईट अवस्था होते. रविवारी आपण सरळ रांगेत, इस्त्रीचे कपडे घालून बसतो. आपल्या रांगेत कुणी पडलं तर आपल्याला कळतं का? नोकरी गेलेला, लग्न मोडलेली, रात्रभर झोप नसलेला, विश्वास हलू लागलेला? की तो उठून गेल्यावर दोन महिन्यांनी आपण विचारतो, अरे, तो हल्ली दिसत नाही?

वेशीबाहेरच्या प्रभूकडे जाणं म्हणजे शेवटी एवढंच. जो पडलाय त्याच्यापर्यंत जायचं. प्रभू तिथे आधीच पोहोचलेला असतो.

आज मनन करा

१. माझ्या आयुष्यात दोन वेशी कुठल्या? कुठे मी विश्वास लपवतो, आणि कुठे मी माझं दान लपवतो?

२. माझ्या ‘नावा’त, म्हणजे माझ्या प्रोफाइलमध्ये, माझ्या बोलण्यात, ‘मी’ किती आणि ख्रिस्त किती?

३. माझ्या रांगेतला कोण गेल्या महिन्यात पडला? आज त्याला किंवा तिला एक फोन करा. मेसेज नाही, फोन.

प्रार्थना

प्रभू येशू, तू वेशीबाहेर गेलास कारण आम्ही तिथे होतो. आम्हाला आतल्या ऊबेची इतकी सवय लागू देऊ नकोस की तुझी जागाच विसरू. ज्यांना मंडळीतही परकं वाटतं आणि जगातही परकं वाटतं, त्यांच्या शेजारी आज तू बस. आमचे हात, आमचा गळा, आमचा ताल, आमची शांतता, सगळं तुझ्या नावाखाली घे. पडलेल्याला उचलायला आमची पावलं वेळेवर थांबू दे. आणि रोज सकाळी आमच्यातला ‘मी’ खाली ठेवायला बळ दे. तुझ्याच नावात मागतो. आमेन.

उद्या आपण अठराव्या वचनापासून पुढे जाऊ. प्रभू तुम्हाला सांभाळो.